आवाजाची वाटणी

८ सप्टेंबर

लहानपणी दौलत आणि मी कॉलनीतल्या क्वार्टरच्या मागच्या पायरीवर बसलेलो असायचो. त्याच्यासमोर शेंगांची परात, माझ्या मांडीवर इंग्लिश रीडर. मी मोठ्याने वाचायचे, तो शेंगा फोडायचा आणि मधूनच एखादा दाणा माझ्या तोंडात कोंबायचा. त्याला इंग्लिश कळायचं नाही. तो नगरपालिकेच्या शाळेत, मी नन्सच्या कॉन्व्हेंटमध्ये. वडिलांना एकाचीच फी झेपत होती आणि त्यांनी ती मुलीची भरली. मी थांबले की धाकटा दौलत म्हणायचा, "आक्का, वाच की. बरं वाटतंय." आत आई भाकऱ्या थापत असायची. यात लिहून ठेवण्यासारखं काही नाही, तरी आज दिवसभर तीच पायरी डोळ्यांसमोर आहे.

कारण दौलतची दिव्या आज मला ओढून स्टुडिओत घेऊन गेली. पोरीने चाकणच्या कंपनीतली क्वालिटीची नोकरी सोडली आणि आता जाहिराती, कंपन्यांच्या फिल्म्स, असल्या कामांना आवाज देते. बोलावलं की जायचं, नाही बोलावलं की वाट बघायची. दौलत तिच्याशी बोलत नाही. संक्रांतीपर्यंत पक्कं काम दाखव, नाहीतर मुकाट्याने कंपनीत परत जा, असं त्याने कस्तुरावहिनींकडून कळवलं आहे. एकाच घरात बाप-लेकीचे निरोप वहिनी पोचवतात.

स्टुडिओ पिंपळे सौदागरला, दुकानांच्या वरच्या मजल्यावर. चालवतो दिग्विजय, वहिनींच्या भावाचा मुलगा. मी काचेबाहेर बसून दिव्याचा एक उच्चार सुधारला, तर तो एकदम वळला. "आत्या, तुम्ही जरा माइकसमोर बसता? दोनच मिनिटं."

मी म्हटलं, "अरे, मी आयुष्यभर कंपनीत टेलिफोनचा बोर्ड सांभाळला. शिफ्ट सुटताना सूचना वाचायचे. एवढाच माझा माइक."

"तेच तर पाहिजे. लोकांनी निमूट ऐकावं असा आवाज!"

साठी उलटल्यावर कुणी काही मागितलं तर माणूस किती पटकन उठतो. मी उठले.

१४ सप्टेंबर

रोज जाते आहे. वाचायला देतात ते मोठं विचित्र असतं. गोष्ट नाही, बातमी नाही. "आज भेंडी ताजी आहे." "कृपया डावीकडे वळा." मग आकडे, महिने, गावांची नावं. मग हसा, रागवा, कुजबुजा, रडवेल्या आवाजात बोला. मी विचारलं, तू म्हणालास त्या मुलांच्या गोष्टी कधी वाचायच्या? दिग्विजय म्हणाला, "आत्या, ही पायाभरणी. इमारत नंतर."

आज संपलं. त्याने कागद पुढे केले. इंग्लिशमध्ये होते, पानं बरीच होती. इंग्लिश मला येतं आणि चष्मा पर्समध्येच होता. पण घरचा मुलगा समोर पेन उघडून उभा, आणि मी त्याच्यासमोर पानन् पान तपासत बसायचं? त्याला काय वाटलं असतं? सही केली. राजगुरुनगरला दौलतच्या नावे जमिनीचं हक्कसोडपत्र केलं तेव्हाही मी वाचलं नव्हतं. आमच्याकडे बहिणी वाचत नाहीत. सही करतात आणि साडी घेऊन घरी येतात.

दिग्विजयच्या आईने माझ्यासाठी साडी पाठवली होती. मोरपंखी रंगाची. मला भरून आलं.

दिव्या तेवढ्यात आली आणि तिने विचारलं, "आत्या, सही केलीस?" मी हो म्हटल्यावर ती पाठ फिरवून हेडफोनची वायर गुंडाळायला लागली. थोडा हेवा वाटला असेल. तिच्या वयाला स्वाभाविक आहे.

२ ऑक्टोबर, दसरा

शेजारच्या सुभद्राबाईंच्या लेकीच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. मोठी सोसायटी. लिफ्टमध्ये शिरलो आणि छतातून मीच बोलले: "दरवाजा बंद होत आहे. कृपया दूर उभे राहा."

सुभद्राबाई किंचाळल्याच. "सुमनताई, तुम्ही तर वर जाऊन बसलात!" लिफ्टभर हशा. मी दोनदा खाली-वर केलं. हे गेले त्याला सहा वर्षं झाली. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा वाटलं की ह्यांनी हे ऐकायला हवं होतं.

फक्त हे वाक्य मी कधी वाचलं ते आठवत नाही. शेकडो वाक्यं वाचली, त्यात असेल.

१२ ऑक्टोबर

भोसरीला एका मंगल कार्यालयात दिग्विजयने कार्यक्रम ठेवला होता. मागे मोठा फलक: "मनोरंजन आणि माध्यम क्षेत्रातील करिअरच्या वाटा". दोनशे तरी पोरं होती, आणि बरोबर आईबाप. काही बाप फर्स्ट शिफ्ट करून थेट आलेले, अंगावर कंपनीचे शर्ट. दिग्विजयने पडद्यावर एकेक वाट दाखवली. निवेदन, डबिंग, संकलन, ध्वनिमुद्रण, पटकथा, ड्रोन, ॲनिमेशन. पोरांचे चेहरे उजळत होते आणि बापांचे आक्रसत होते.

एक गृहस्थ उठले, बहुधा चाकणकडचे. "सर, समदं ब्येस हाय. पण ह्यात पर्मनंट काय हाय ते सांगा. पीएफ हाय का?"

सगळे हसले. दिग्विजय म्हणाला, "काका, कला हाच पीएफ!"

"कला दुकानात चालती का, भाऊ? किराणावाला घ्येतो का?"

पुन्हा हशा. मग मला बोलायला उभं केलं. मी म्हटलं, नोकरी जाते, यंत्रं बदलतात, बोर्ड जाऊन मोबाईल आले. पण आवाज आपल्या गळ्यात असतो, तो कुणी काढून नेऊ शकत नाही. टाळ्या पडल्या. ते गृहस्थसुद्धा बसले. शेवटच्या रांगेत दिव्या मात्र मान खाली घालून होती. परतताना बसमध्ये म्हणाली, "सध्या कामं थंड आहेत, आत्या. ह्या महिन्यात एकदाच बोलावलं."

"दिवाळीमुळे असेल."

"हं. दिवाळीमुळे."

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

दौलतला ओवाळलं. ताटात त्याने घडी केलेली नोट टाकली, नेहमीसारखी, माझ्याकडे न बघता. दिव्या स्वयंपाकघरात, तो ओसरीवर. वहिनी मध्ये.

वहिनी म्हणाल्या, "वन्सं, तुमी आमच्या समाधानच्या कंपनीच्या गेटावर बोलताय म्हनं. हेल्मेट घाला, बूट घाला. त्यो म्हनला, आत्या सकाळधरनं वराडतीया." समाधान हा दिव्याचा थोरला भाऊ. मी हसले.

मग दौलतने फोन पुढे केला. "आक्का, हे पण तूच ना?"

जाहिरात होती. चाकणजवळचे प्लॉट. माझा आवाज, अगदी मायेचा: "मी ह्याच मातीतली. आमच्या गावात जागा घ्या, पोराबाळांचं कल्याण होईल." दौलत म्हणाला, "ही जागा म्हणजे आपल्या गावाचा गायरानालगतचा तुकडा. त्याची कोर्टात केस चालू आहे. लोक मला विचारतात, तुझी बहीण कशी काय विकती?"

मी हे बोलले? मी? वाचताना समजल्याशिवाय राहिलं असतं का? पण आवाज माझा होता. गावात माझ्या आवाजाला कोण ओळखत नाही! मी म्हटलं, "त्यांनी दिलं ते वाचलं. मला काय ठाऊक कुठली जागा." दौलतने फोन खिशात टाकला आणि ओसरीवरून खाली उतरला.

दिव्याच्या हातून आत पातेलं पडलं.

२९ ऑक्टोबर

हे इथेच लिहिते, कुणाला सांगायचं नाही. आईचं असंच सुरू झालं होतं. आधी बोललेलं विसरायची, मग जेवलेलं, मग आम्हाला. शेवटी दौलतला "अहो, आपण कोण?" म्हणायची.

मी सकाळी स्वतःची परीक्षा घेतली. बोर्डवरची एक्स्टेन्शनं आठवली, सगळी. कॅन्टीन, डिस्पॅच, टूलरूम, साहेबांचं घर. वर्गातल्या मुलींची हजेरी म्हटली. दुधाचा हिशेब बिनचूक. मग माझ्याच तोंडची वाक्यं तेवढी कुठे जातात? आज बँकेत फोन केला तर तिकडूनही मीच बोलले, दुसऱ्या कुठल्या तरी संस्थेची जाहिरात. मी माझंच बोलणं ऐकत उभी होते आणि गॅसवर दूध उतू गेलं.

डॉक्टरकडे जायला हवं. जायचं धाडस होत नाही.

४ नोव्हेंबर

सगळं आजच लिहायला हवं.

दुपारी ती प्लॉटची जाहिरात पुन्हा ऐकली. चार वेळा, डोळे मिटून. सिस्टर आम्हाला कविता म्हणताना छातीवर हात ठेवायला लावायच्या. स्वल्पविराम आला की श्वास. श्वास चोरला की छडी. ती सवय बोर्डवरही सुटली नाही. दर वाक्याआधी मी बारीकसा श्वास घेते, हेडफोनमध्ये ऐकू येतो. साहेब चिडवायचे त्यावरून.

जाहिरातीतली बाई श्वासच घेत नाही. मोठमोठी वाक्यं, एकाला एक जोडून, आणि श्वास नाही. मला दोन मजले चढून दम लागतो. मी असं बोलूच शकत नाही.

दिव्याला बोलावलं. ती दारातच उभी राहिली. मी विचारलं, "दिव्या, खरं सांग. मी विसरायला लागले आहे का गं? तुझ्या आजीसारखं?"

तिचा चेहरा असा झाला की मी घाबरले. "आत्या, तू काही विसरलेली नाहीस. ते तू बोललीच नाहीस. तुझ्या आवाजावरून त्यांनी एआयचा आवाज बनवलाय. आता लिहिलं की तो बोलतो. तुला बोलवायची गरज नाही."

"आणि तुला?"

"मला तर नाहीच नाही. माझी सगळी कामं आता तू करतेस."

मी खाली बसले. ती माझ्या पायाशी बसून रडली. तिला पहिल्यापासून माहीत होतं. म्हणाली, "लिफ्टचं सांगताना तू इतकी खूश होतीस. कशी सांगू? आणि दिग्विजयदादा म्हणाला, गप्प राहिलीस तर पुढे तुझं बघतो."

एवढे दिवस मी तिला हेवा वाटतो असं समजत होते.

७ नोव्हेंबर

दिग्विजय घरी आला. फळं घेऊन, पाया पडून. लपवालपवी काही नाही. "आत्या, सगळं कागदावर होतं. तुम्ही इंग्लिश मीडियमवाल्या, मला वाटलं तुम्ही समजूनच सही केली."

मी प्लॉटच्या जाहिरातीचं विचारलं. "क्लायंट काय लिहितो ते मी थोडीच बघतो? आवाज दिला, पुढचं त्यांचं."

मग खरं काम काढलं. एका मोठ्या पार्टीला माझाच आवाज हवा आहे, पण पुरता. लाड करणारा, समजावणारा, आजारपणातला, आजीचा, अंगाईचा. आधीच्या नोंदी त्याला पुरत नाहीत. मी नव्याने पंधरा दिवस बसायचं, नवा करार, कायमचा. "आणि आत्या, दिव्याला मी स्टुडिओत पर्मनंट घेतो. ह्या आवाजाचं सगळं काम तीच बघेल. पीएफसकट. दौलतमामांचं तोंड बंद."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"मग तिला ठेवून मी काय करू? तुम्हीच सांगा. आपल्या माणसांत जबरदस्ती नाही, आत्या."

तो गेल्यावर फळं धुऊन ठेवली.

९ नोव्हेंबर

नाही म्हणणं सोपं आहे, आपलं काय जातं? पेन्शन आहे, घर आहे. ती मात्र संक्रांतीला परत चाकणच्या बसमध्ये बसेल, बाप जिंकेल, आणि आयुष्यभर गेज लावून नट तपासेल. मी कॉन्व्हेंटमध्ये गेले तेव्हा दौलतची फी कुणी भरली नव्हती.

आवाज म्हणजे तरी काय, हवा. देऊन टाकते.

१२ नोव्हेंबर

द्यायला गेले होते. दिव्याला म्हटलं, तुझी नोकरी पक्की करून येऊ. ती "नको" म्हणाली, मी ऐकलं नाही. ती काचेपलीकडे यंत्रापाशी बसली, दिग्विजय तिच्या मागे उभा. सही शेवटी करायची ठरली. आधी थोडं ध्वनिमुद्रण, पार्टीला नमुना पाठवायला.

पहिला कागद अंगाईचा. म्हटली. दुसरा, रुसलेल्या नातवाला जेवू घालायचा. वाचला. तिसऱ्यावर वर लिहिलं होतं: आजारी, थकलेला, प्रेमळ. खाली वाक्यं: "बाळा, मी आहे ना. मी कुठेही गेले नाही. मला रोज फोन कर."

हे कुणासाठी आहे ते मी विचारलं. हेडफोनमध्ये दिग्विजयचा आवाज आला. "ज्यांची आई-आजी गेली त्यांच्यासाठी ॲप आहे, आत्या. फार पुण्याचं काम. जिथे नाव येतं तिथे कुठलंही नाव घाला. 'दिव्या' म्हणा, मनापासून येईल."

मी कागद धरला. "दिव्या बाळा, मी आहे ना," म्हटलं आणि पुढचं सुचेना. कागद समोर असून दिसेना. मला आमची आई दिसली, शेवटची, दौलतला परक्यासारखं बघणारी. आणि दौलतला तेव्हा कुणी असला फोन दिला असता तर त्याने रोज केला असता. रोज. जेवण सोडून. आणि तिकडून कुणीच नसतं.

"आत्या, पुन्हा एकदा. जरा ओलावा हवा."

मी तोंड उघडलं. वाक्याआधीचा श्वास काही येईना.

तेवढ्यात हेडफोनमध्ये दिव्या. हळू, अगदी कानाशी. "आत्या, श्वास घे. घेतलास? आता बाहेर ये."

काचेपलीकडचा लाल दिवा विझलेला होता. तिने यंत्र बंद केलं होतं आणि आज म्हटलेलं, वाचलेलं सगळं पुसून टाकलं होतं. दिग्विजय ओरडत होता, ते काचेतून फक्त दिसत होतं. बाहेर आले तेव्हा ऐकू आलं.

"डोकं फिरलं का तुझं? लाइफ सेट होत होती!"

"कुणाची, दादा?"

"तुझी! आणि आत्यांची काय झीज होणार होती? बसून बोलायचं तर होतं!"

दिव्याने माझी पर्स उचलली. "दादा, उद्यापासून येत नाही मी."

जिन्यात मी म्हटलं, "अगं, तुझ्या नोकरीचं काय?" ती म्हणाली, "मला तुझा आवाज सांभाळायची नोकरी नको. तू सांभाळ तुझा." आणि मग इतकी रडली की खालच्या मोबाईलच्या दुकानातल्या माणसाने पाण्याची बाटली आणून दिली.

१६ नोव्हेंबर

दौलतचा फोन. कॉलनीतल्या दिवसांपासून मी त्याला असा कधी ऐकला नव्हता. "पर्मनंट मिळत होती, आक्का. पीएफसकट. दिग्यानं सांगितलं मला. तू मोडलीस."

"दौलत, तुला माहीत आहे का कशासाठी—"

"तुझं पोट भरलेलं आहे. तुला शिकवलं. माझ्या लेकीला तू बिघडवलीस. ह्या घरात पाय ठेवू नकोस."

त्याने फोन ठेवला. मी त्याच्यावर रागवू शकले नाही. शिकवलं, हे तर खरंच आहे.

दिव्या स्टुडिओ सोडल्याच्या रात्रीपासून माझ्याकडे राहायला आहे. चिखलीच्या ह्या दोन खोल्यांत तिचे कपडे, वायरी, सगळीकडे पसारा. माहितीपट करणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये तिला ध्वनिमुद्रकाची मदतनीस म्हणून घेतलं आहे. लांब काठीला माइक लावून दिवसभर हात वर धरून उभं राहायचं. पर्मनंट नाही, पीएफ नाही. काल खांदे शेकून दिले. म्हणाली, "आत्या, आज एका लोहाराचा आवाज घेतला. खोकला पण घेतला. दिग्दर्शक म्हणाले, खोकला कापायचा नाही." केवढी खूश होती.

१८ नोव्हेंबर

अंजलीकडे गेले. आम्ही शाळेत एका बाकावर. आता ती पिंपरी कोर्टात वकिली करते. करार मी तिच्यासमोर बसून वाचला, चष्मा लावून, पहिल्या पानापासून. दुपार गेली. प्लॉटच्या जाहिरातीला ती नोटीस देणार आहे, ती बंद होईल असं म्हणाली. बाकीचं कठीण. दिलेला आवाज परत आणणं म्हणजे सांडलेलं दूध भरणं, असं काहीसं मी म्हटलं, तर ती म्हणाली, "सुमी, नाटकी बोलू नकोस. लढता येईल, वेळ लागेल. पण अजून न दिलेलं तुझ्या हातात आहे. तुझ्यामागे कुणी तिसरा येऊन सही करून जाईल, त्याआधी लिहून ठेव. जमिनीचं लिहितो तसं."

२१ नोव्हेंबर

अंजली पक्कं करून घेईल, दोन साक्षीदारही तीच आणेल. कच्चं इथे लिहिते. मला काही झालेलं नाही, प्रकृती चांगली आहे, स्मरणशक्तीसुद्धा.

माझा आवाज, आजवर नोंदला गेला तो आणि यापुढे नोंदला जाईल तो, याचा सगळा हक्क माझी भाची, दौलतची मुलगी दिव्या हिला. विकू नये असं मी म्हणत नाही. पोट सगळ्यांना आहे. पण कुणाला द्यायचा, कशासाठी, किती दिवस, हे तिनेच ठरवावं. तिला सही मागणाऱ्याने घाई करू नये. नातलगाने तर मुळीच नाही. आणि पुसून टाकावासा वाटला तर तिने खुशाल पुसावा.

कस्तुरावहिनींना हरतालिकेची कहाणी. त्यांना वाचता येत नाही, दरवर्षी कुणाच्या तरी सुनेला बोलवावं लागतं. परवा दिव्याने कपाटाला चादरी लावून ती घरातच नोंदली आहे. मध्ये दोनदा मी खोकले आहे, तो ठेवला आहे.

अंजलीला आमच्या वर्गाची हजेरी. गेलेल्या मुलींचीही नावं घेतली आहेत. "प्रेझेंट" म्हणायची जागा रिकामी सोडली आहे.

दिग्विजयला जे गेलं ते गेलं. आणखी काही नाही. त्याच्या आईला मात्र माझं दार बंद नाही.

दौलतला ध्वनिमुद्रण द्यायचं नाही. मी गेल्यावर कुठल्याही यंत्रातून कुणी माझ्या आवाजात "दौलत" म्हटलं, तर त्याने ओ देऊ नये. ती मी नसेन. त्याच्या वाट्याचं मी जिवंतपणीच देणार आहे. परवा रविवार, जाते आहे. दार उघडलं तर घरात बोलेन. नाही उघडलं तर बाहेर ओट्यावर बसून बोलेन, आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, आणि दम लागला की थांबून.